पैसे कुणी घातले होते?

स्मिता तळवलकर यांचं नाव काढलं की लोक आधी हसरा चेहरा सांगतात. मग दूरदर्शनच्या बातम्या. मग ‘चौकट राजा’तली नंदूची बालमैत्रीण. एवढं सगळं झाल्यावर कुणाला तरी आठवतं की बाई चित्रपट काढायच्या. मला हा क्रमच मान्य नाही. ‘चौकट राजा’ आपल्याला पाहायला मिळाला, कारण त्या बाईंनी तो काढला. नंदूची मैत्रीण दुसऱ्या एखाद्या अभिनेत्रीनेही केली असती आणि चांगली केली असती. निर्माती दुसरी असती तर चित्रपट झालाच असता, असं मला वाटत नाही.

त्या काळचा धंदा बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

१९८६ मध्ये ‘तू सौभाग्यवती हो’ आणि ‘गडबड घोटाळा’ या चित्रपटांतून स्मिताबाई मोठ्या पडद्यावर आल्या. तोपर्यंत बातम्यांमुळे घराघरात चेहरा माहीत झालेला. अशा ओळखीच्या चेहऱ्याच्या अभिनेत्रीपुढे सोपा रस्ता असतो : येतील त्या भूमिका घ्यायच्या, नाटकाचे दौरे करायचे, गावोगावी फिती कापायच्या. या बाईंनी तीन वर्षांत ‘अस्मिता चित्र’ हा स्वतःचा बॅनर उभा केला आणि १९८९ मध्ये ‘कळत नकळत’ आणला. पदार्पणानंतर तीन वर्षांत निर्माती! आधी कुणाला तरी आपल्याला घेऊन मोठा चित्रपट काढू दे, मग बघू, असा विचार करत त्या बसल्या नाहीत.

आणि काढला कुठला? तेव्हा मराठीत विनोदाची लाट होती. १९८८ ला ‘अशी ही बनवाबनवी’, १९८९ ला ‘थरथराट’. हे चित्रपट मला आवडतात, आजही लागले की मी बसून बघतो. पण या लाटेने वितरकाचा हिशेब फार सोपा करून टाकला होता. लक्ष्मीकांत बेर्डे आहेत का? अशोक सराफ आहेत का? नसतील तर बोलणं संपलं. अशा बाजारात स्मिताबाईंनी एका सुशिक्षित घराची गोष्ट आणली. नवरा दुसऱ्या बाईत गुंतलाय, बायकोला ते कळतं, आणि घरातली मुलं हे सगळं बघताहेत. विक्रम गोखले, सविता प्रभुणे, अश्विनी भावे. अशोक सराफही होते. पण ते आहेत म्हणून गोष्ट विनोदाकडे वाकवली नाही. दिग्दर्शनाला कांचन नायक, म्हणजे दिग्दर्शक म्हणून नवा माणूस. निर्माती नवी, दिग्दर्शक नवा, विषय गल्ल्याच्या उलटा. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुरस्कार मिळाला म्हणून ही निवड बरोबर ठरते, असं मी म्हणणार नाही. पुरस्कार मिळाला नसता तरी ती बरोबरच होती. तो चित्रपट आज बघा. नवऱ्याला खलनायक केलेलं नाही, दुसऱ्या बाईला कैदाशीण केलेलं नाही. तिघंही माणसं आहेत. एवढा समजूतदारपणा त्या वर्षीच्या मराठी पडद्यावर शोधावा लागत होता.

आता ‘चौकट राजा’कडे येतो. माझं खरं म्हणणं तिथे आहे.

१९९१ साल. याच वर्षी ‘माहेरची साडी’ आला आणि महाराष्ट्रभर बायका थिएटरात पदराने डोळे पुसू लागल्या. आता रडवायचं असेल तर कसं रडवायचं, याचा साचा बाजाराला मिळाला होता. त्याच वर्षी ‘अस्मिता चित्र’चा ‘चौकट राजा’ आला. लहानपणी डोक्याला मार लागून मनाची वाढ थांबलेला नंदू. त्याची म्हातारी होत चाललेली आई. मोठेपणी परत भेटलेली बालमैत्रीण, जी आता कुणाची तरी बायको आहे. तिच्या मनात सलणारी जुनी गोष्ट, आणि तिच्या नवऱ्याच्या मनातला संशय. हिरो नाही, हिरोईन नाही, मारामारी नाही, छळवादी सासू नाही.

दिग्दर्शक पुन्हा नवा : संजय सूरकर. आणि नंदू म्हणून कोण? आधी ती भूमिका परेश रावल करणार होते. दिलीप प्रभावळकर दुसऱ्या भूमिकेत होते, झोपडपट्टीतल्या गणाच्या. परेश रावल त्या चित्रपटात येऊ शकले नाहीत. नंदू प्रभावळकरांकडे आला आणि गणा अशोक सराफ यांच्याकडे गेला. आज हे वाचताना आपण म्हणतो, वा, काय योग जुळला! निर्मातीच्या खुर्चीत बसून बघा मग. ठरलेला नट गेलेला. आता ज्या माणसावर अख्खा चित्रपट टाकायचा, त्याची लोकांच्या मनातली ओळख चिमणरावाची. गंभीर भूमिकेत प्रेक्षक त्याला बघून हसले तर? नंदू बोलायला लागला आणि थिएटर खिदळलं तर? तसं झालं असतं तर पैसे तर बुडालेच असते, वर मतिमंद मुलाची थट्टा केल्याचा बट्टा लागला असता. दिग्दर्शक नवा असल्यामुळे त्याच्या नावावर बुडीत काढता येत नाही. नटाला पुढचं नाटक आहे. बुडणार ती एकटी निर्माती.

तिने हो म्हटलं.

प्रभावळकरांच्या नंदूवर आजवर पुष्कळ लिहून झालंय आणि ते योग्यच आहे. सुलभा देशपांडे यांच्या आईवर त्या मानाने कमी लिहिलं गेलं. मी तर म्हणेन की चित्रपटाचा कणा ती आई आहे. आनंद मोडकांच्या संगीतावर प्रेम करणारी पिढीच आहे. पण हे सगळे एका चित्रपटात एकत्र आले कसे, हे कुणी विचारत नाही. मराठी नट म्हणजे नाटकाचा माणूस. शनिवार-रविवार प्रयोग, मध्येच दौरा. त्यांच्या तारखा जुळवणं म्हणजे अर्धी निर्मिती. शिवाय लेखकाला आधी पैसे द्यायचे, कच्च्या फिल्मचा खर्च, लॅबचं बिल, सेन्सॉर, प्रत्येक प्रिंटचे वेगळे पैसे, आणि प्रिंट निघाली तरी थिएटर मिळेल याची खात्री नाही. मिळालं तर मॅटिनी. या सगळ्यातून जाऊन, कॅमेऱ्यापुढे उभं राहून, स्वतः त्या चित्रपटात अतिशय संयत कामही करायचं. स्मिताबाईंच्या अभिनयाबद्दल बोलायचंच असेल तर मी हेच बोलेन : आपणच पैसे घातलेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःला मध्यभागी ठेवलं नाही. चित्रपट नंदूचा आहे आणि तो नंदूचाच राहिला.

पुरुष नट निर्माता झाला की आपण त्याला दृष्टी आहे असं म्हणतो. शांताराम, राज कपूर, देव आनंद यांच्याबद्दल पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. महेश कोठारे यांनी १९८५ मध्ये ‘धुमधडाका’ काढला, दिग्दर्शित केला, त्यात काम केलं. त्यांच्या धाडसाचं कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. बाईने तेच केलं की पहिला प्रश्न येतो, पैसे नवऱ्याचे का? दुसरा प्रश्न, रोल मिळत नव्हते का? हे प्रश्न विचारणाऱ्यांना मी विचारतो, हिशेब तपासायचाच असेल तर दोघांचाही तपासा ना. नवा दिग्दर्शक कुणी दिला, नवा विषय कुणी दिला, ते एकाच वहीत लिहा.

कारण त्या वहीत स्मिताबाईंच्या नावावर दोन दिग्दर्शक पडतील. संजय सूरकर पुढे मराठीतले महत्त्वाचे दिग्दर्शक झाले. १९९८ चा ‘तू तिथे मी’ त्यांनी याच बॅनरसाठी केला. मोहन जोशी आणि सुहास जोशी. उभा जन्म नोकरी आणि संसार करण्यात गेला, आता निवृत्तीनंतर बायकोसोबत जगू म्हटलं तर मुलांच्या सोयीप्रमाणे आई एकीकडे, बाप दुसरीकडे. विषय तसा जुना. राजा परांजप्यांनी १९५४ मध्ये ‘ऊन पाऊस’मध्ये म्हाताऱ्या जोडप्याची अशीच ताटातूट दाखवली होती. पण ‘तू तिथे मी’तला म्हातारा रडत नाही, तो बायकोवर नव्याने प्रेम करू लागतो, चोरून भेटतो, आणि मुलं-सुना अवघडतात. मला चित्रपटाचा उत्तरार्ध जरा पाणचट वाटतो, हे सांगून टाकतो. तरी मोहन जोशींसारख्या पडदाभर खलनायकी गाजवणाऱ्या नटाला प्रेमात पडलेला म्हातारा करायचं, हे सुचणं आणि त्यासाठी पैसे घालणं या दोन गोष्टींना मी मनापासून दाद देतो. यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, दुसऱ्यांदा.

मधल्या काळात, १९९३ मध्ये, त्यांनी ‘सवत माझी लाडकी’ स्वतः दिग्दर्शित केला. याकडे लोक हलकाफुलका चित्रपट म्हणून बघतात. मला तो ‘कळत नकळत’च्या शेजारी ठेवून बघायला आवडतो. दोन्हीकडे दुसऱ्या बाईत गुंतलेला नवरा. एकदा त्या दुखऱ्या बाजूने गेल्या, चार वर्षांनी हसऱ्या बाजूने. दुसऱ्या वेळी नीना कुलकर्णींची बायको रडत बसत नाही, ती डोकं चालवते आणि वर्षा उसगावकरांची सवत घरात आल्यावर नवऱ्याची पंचाईत होत जाते. एकाच विषयाकडे दोन तऱ्हांनी बघावंसं वाटणं, हे त्या विषयाचा पिच्छा पुरवणाऱ्या माणसाचं लक्षण आहे. पुढे अल्फा मराठीवर ‘अवंतिका’ आली, मृणाल कुलकर्णींची. तिथेही मोडत चाललेला संसार आणि स्वतःच्या पायावर उभी राहणारी बायको. ‘राऊ’, ‘पेशवाई’, ‘ऊन पाऊस’ अशा मालिका त्यांनी केल्या. मालिकेच्या धंद्यात वाहिनी हप्त्याने पैसे देते आणि हप्त्याने गोष्ट मागते. ‘अवंतिका’ही लांबली, हे खरं. पण नवरा भरकटला तर बायकोने काय करायचं, हा प्रश्न मराठी घरात जेवणाच्या वेळी मोठ्या आवाजात बोलला जाऊ लागला तो या बाईंच्या हट्टामुळे. २००४ चा ‘सातच्या आत घरात’ तर थेट तरुण पोरींच्या मोकळेपणाबद्दल आणि त्या मोकळेपणावर टपलेल्यांबद्दल बोलला. शिवाय नव्या मुलांना शिकवायला अस्मिता चित्र अकादमी काढली. ही कामं एका रांगेत मांडली की एका निर्मातीची कारकीर्द स्पष्ट दिसते. रांग मांडण्याचं कष्टाचं काम मात्र आपण केलं नाही. चेहरा आठवणं सोपं असतं.

हे आपण त्यांच्या आधीच्या बायकांच्या बाबतीतही केलंय.

ललिता पवार. भगवानदादांची थप्पड आणि त्यातून अधू झालेला डोळा, ही गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ. मंथरा तोंडपाठ. पण या बाईने ऐन सोळाव्या-सतराव्या वर्षी, १९३२ मध्ये, ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीत भागी घेतली होती, आणि १९३८ मध्ये ‘दुनिया क्या है’ हा बोलपट काढला होता, हे कितीजणांना माहीत आहे? थप्पड १९४२ ची. म्हणजे तिच्या आधीच बाई दोन चित्रपटांची निर्माती होती. तिने काय केलं हे आपण विसरलो, तिला काय झालं ते लक्षात ठेवलं.

दुर्गा खोटे. तारामती, जोधाबाई, ‘बॉबी’तली आजी. १९८३ चा फाळके पुरस्कार. सगळं खरं आणि मोठं. पण स्टुडिओच्या पगारावर नट बांधले जायचे त्या जमान्यात ही बाई एका कंपनीच्या दावणीला न राहता मुक्तपणे काम करत होती, १९३७ च्या सुमारास ‘साथी’च्या निर्मितीत उतरली होती, आणि पुढे माहितीपट-जाहिरातपटांची कंपनी काढून तिने तो व्यवसाय वर्षानुवर्षं चालवला. दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. १९८८ मध्ये दूरदर्शनवर अख्खा देश बघत होता ती ‘वागले की दुनिया’ याच कंपनीची. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस आठवतो, अंजन श्रीवास्तव आठवतात, कुंदन शाह आठवतात. पाटीवरचं निर्मातीचं नाव आपण वाचलंच नाही. सव्विसाव्या वर्षी दोन मुलं पदरात घेऊन विधवा झालेल्या बाईने उभ्या केलेल्या त्या कंपनीला भारतीय सिनेमाच्या इतिहासात एक प्रकरण मिळायला हवं होतं.

आता आजचं.

प्रियांका चोप्रा यांच्या पर्पल पेबल पिक्चर्सने २०१६ मध्ये ‘व्हेंटिलेटर’ काढला. गणपतीच्या तोंडावर दवाखान्यात गोळा झालेलं एक मोठं मराठी घराणं. राजेश मापुसकर यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संकलन आणि ध्वनीचेही मिळाले. झारखंडात जन्मलेली, हिंदीत आणि अमेरिकेत नाव कमावलेली अभिनेत्री मराठी गोष्टीत पैसे घालते याचा मला आनंद आहे. हीच कंपनी भोजपुरीत, पंजाबीत गेली, सिक्कीममध्ये आलेल्या नेपाळी मुलांची गोष्ट ‘पाहुना’ घेऊन आली. एवढ्या भाषांत एवढ्या लवकर जाणारे निर्माते आपल्याकडे फार नाहीत.

पण त्याच कंपनीच्या ‘पाणी’चं काय झालं ते बघा. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला, मराठवाड्यातल्या तहानलेल्या गावाचा चित्रपट. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. थिएटरात लागला ऑक्टोबर २०२४ मध्ये. पाच वर्षं! कोविडच्या साथीची दोन वर्षं बाजूला काढली तरी तीन उरतात. पाठीशी जगभर ओळखलं जाणारं नाव आहे, हातात राष्ट्रीय पुरस्कार आहे, विषय दुष्काळाचा आहे, आणि महाराष्ट्रातल्याच प्रेक्षकापर्यंत पोचायला पाच वर्षं. या काळात मराठवाड्यात टँकर नियमितपणे पोचत होते.

माधुरी दीक्षित यांनी निर्माती म्हणून पहिला मराठी चित्रपट काढला ‘१५ ऑगस्ट’, मुंबईतल्या चाळीची गोष्ट. तो २०१९ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. प्रियांकाच्या कंपनीचा, अरुणा राजे यांनी दिग्दर्शित केलेला ‘फायरब्रँड’ही त्याच वर्षी तिथेच. माधुरी दीक्षित! जिच्या नावावर हिंदी चित्रपटांच्या खिडक्यांवर रांगा लागल्या, तिच्या मराठी चित्रपटासाठी मुंबईत पडदा नाही. ‘पंचक’ जानेवारी २०२४ मध्ये थिएटरात आला तेव्हा बरं वाटलं. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइम द्यायचा निर्णय घेतला होता. निर्णय चांगला होता. पण दुपारी बाराचा शो हाही प्राइम टाइम धरला की कागद आणि नोकरदार प्रेक्षक यांची गाठ पडत नाही. मोबाइलवर चित्रपट पोचतो हे मान्य, आणि लांबच्या देशात राहणाऱ्या मराठी माणसाला त्याचा फायदाही होतो. तरी चाळीची गोष्ट चाळीपासून दोन स्टेशनांवरच्या थिएटरात लागू नये, याची मला चीड येते.

स्मिताबाईंकडे मोबाइलची पळवाट नव्हती. थिएटर नाहीतर डबा. त्या अटीवर त्यांनी नवे दिग्दर्शक आणले, विनोदाच्या लाटेत गंभीर घर दाखवलं, आणि आजारपणातही काम थांबवलं नाही. ६ ऑगस्ट २०१४ ला त्या गेल्या तेव्हा साठी पूर्ण व्हायला महिना उरला होता.

म्हणून मुलाखती घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे. यापुढे एखादी अभिनेत्री चित्रपट काढून तुमच्यासमोर बसली की साडी कुणाची, डाएट काय आणि घर-काम कसं सांभाळता हे विचारू नका. बजेट किती होतं, विचारा. पैसे कुठून उभे केले? कर्ज किती काढलं, व्याज काय दराने? स्क्रिप्ट किती वेळा परत लिहून घेतली? नवा दिग्दर्शक कशावरून निवडला? नटाने ऐनवेळी नकार दिला तेव्हा त्याच्या जागी कोण आणि का? वितरकाने पहिल्या आठवड्यात किती शो देऊ केले, त्यातले संध्याकाळी सहानंतरचे किती? दुसऱ्या आठवड्यात किती काढून घेतले? टीव्हीचे आणि ओटीटीचे हक्क कुणाकडे आहेत, तुमच्याकडे की त्यांच्याकडे? जुन्या निगेटिव्ह कुठे ठेवल्यात? आणि पुढच्या चित्रपटाचे पैसे या चित्रपटातून निघणार आहेत की नाही?